किल्ली देण्याआधी

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस की बाबा, तळ्याकाठचं घर पुढे कोणाच्या नावावर करणार, आणि मी नेहमीसारखा विषय बदलला. बोलताना जमत नाही म्हणून लिहितोय.

पणजोबांनी ते बांधलं तेव्हा मालक एक होता. मग आजोबा आणि त्यांची बहीण. आता मी, काका, आत्या आणि माझे दोन आतेभाऊ असे 5. तुमची पिढी मोजली तर 11 होतात. सगळ्यांना सुट्टी त्याच 2 आठवड्यांत हवी असते, छप्पर गळलं की फोन मात्र एकालाच येतो (कोणाला ते तुला माहितीये). उद्या त्यातला एक जरी म्हणाला की मला माझे पैसे मोकळे करून द्या, तर स्वयंपाकघर एकाला आणि व्हरांडा दुसऱ्याला असं तोडून देता येत नाही ना, मग भांडण कोर्टात जातं आणि बरेचदा अख्खं घरच विकावं लागतं.

कपाटात ती हिवाळ्याआधी घर बंद करायची वही आहे बघ, पणजोबा, आजोबा, आजी आणि माझं अशी चार अक्षरं आहेत तिच्यात. "मेन कॉक बंद, पाइप रिकामे, नळ उघडे ठेवणे" या ओळीखाली तीन रेघा आहेत कारण आजोबा एका वर्षी विसरले. पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, पाइप फुटतो, आणि ते कळतं कधी तर बर्फ वितळून जमीन भिजल्यावर. गाद्या तारेवर टांगायच्या, कारण 6 मिलिमीटरची फट उंदराला पुरते. जिन्याखालच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा, आत रुतला म्हणजे लाकूड कुजलं. राहत्या घरात बारीक गळती दोन दिवसांत दिसते, बंद घरात ती आठ महिने गुपचूप चालू राहते, आणि ओलं लाकूड तेवढ्यात संपतं.

तर माझ्या डोक्यात असं आहे की आधी सगळ्यांनी बसून कागद करायचा. वर्षाला कोणी किती पैसे घालायचे, कोणाला किती दिवस, आणि ज्याला बाहेर पडायचंय त्याच्या वाट्याची किंमत बाहेरच्या माणसाकडून काढून हप्त्यांनी द्यायची. प्रेम आहे तोवरच हे लिहून होतं, नंतर वकील लिहितात.

आणि तुला नको असेल तर नाही म्हण. खरंच. आजोबांनी मला विचारलंच नव्हतं, किल्ली सरळ हातात ठेवली. कित्येक वर्षं मी तिथे जाऊन फक्त पन्हाळी साफ केल्यात, पाण्यात पाऊलसुद्धा न टाकता परत आलोय, आणि त्याचा राग तुम्हा मुलांवर काढलाय, ते तुला आठवत असेलच.

म्हणून या वेळी सुट्टीला नको, घर बंद करायला ये. दोघंच जाऊ. वही तू वाचायचीस, काम मी करतो, मग दुसऱ्या दिवशी उलट. ठरवायचं ते त्यानंतर ठरव. जुने कपडे आण, जिन्याखाली जाम जाळी झाल्यात.

तुझा,
बाबा