हप्त्याच्या कागदावर वस्तूची खरी किंमत पण लिहा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

हप्त्यावर वस्तू घेणाऱ्यांबद्दल लिहितोय, जमलं तर छापा. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचे हिशोब लिहितो, त्यामुळे कामगारांचे कर्जाचे कागद वाचून सांगायचं काम पण माझ्याकडेच येतं. मध्ये युनिफॉर्म शिवणाऱ्या एक ताई असाच कागद घेऊन आल्या. दोन शिलाई मशिनी ६० हजारांच्या, "फ्लॅट १२ टक्के", ३,१०० चे २४ हप्ते. म्हणजे एकूण ७४,४०० जाणार. आता मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६० हजारांवरच धरलेलं असतं, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो आणि हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यात एका मशिनीची मोटर पहिल्यापासूनच बंद पडायची. दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, फायनान्सवाला म्हणतो आम्ही फक्त पैसे दिले, मशिनीचं आम्हाला काय सांगताय, हप्ता भरा. एक हप्ता चुकला तर बाऊन्स चार्ज बँकेचा वेगळा आणि फायनान्सचा वेगळा.

हे मी विजापूर वेशीतल्या एका कापड व्यापारी मित्राला सांगितलं. तो म्हणाला आमच्या शरियतमध्ये असा सौदा बसतच नाही. मग त्याच्याकडून समजून घेत गेलो, वाचत गेलो, आणि आता वाटतं की हे सगळ्या जातीधर्माच्या ग्राहकांना माहीत व्हायला पाहिजे. आपल्याकडे लोकांना फक्त "व्याज हराम" एवढंच ठाऊक असतं, पण खरा माल त्याच्या पुढे आहे.

तिथे मुराबहा नावाचा विक्रीचा प्रकार आहे. पैसे लावणारा आधी स्वतः मशीन विकत घेतो, ती त्याच्या मालकीची आणि ताब्यात आली पाहिजे, आणि मगच तो ती गिऱ्हाइकाला विकतो. विकताना सांगायचं की मला ६० हजाराला पडली, माझा नफा इतका, तू एकूण इतके द्यायचे. एकदा ठरलेला आकडा नंतर वाढत नाही. आणि वस्तूत आधीपासून लपलेला दोष निघाला तर ती परत करायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, कारण विकणारा तोच आहे, त्याला कंपनीकडे बोट दाखवून सुटता येत नाही. कुणी म्हणेल नफा १४,४०० धरला तर व्याजाइतकेच पैसे गेले की, फरक काय पडला? हे खरंय, आकडा तोच येऊ शकतो, आणि ही टीका मुसलमान अभ्यासकांनी पण केलेली आहे. पण बंद मशिनीची जबाबदारी कुणावर पडते, हा फरक त्या ताईंसाठी पैशापेक्षा मोठा आहे.

मदिनेच्या बाजारातली एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्यावागण्याची नोंद, आहे. पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विकणारा म्हणाला पावसानं भिजलं. तर ते म्हणाले मग ओलं वरती का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, जो फसवतो तो आमचा नाही. फ्लॅट रेट वरती आणि खरा दर आत, हा प्रकार मला तसलाच वाटतो. पुढे तर मुहतसिब नावाचा अधिकारीच असायचा, बाजारात फिरून वजनमापं आणि भेसळ तपासणारा. आपला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा आणि नवा २०१९ चा, पण हा विचार किती जुना आहे बघा.

उशिराच्या दंडाचं तर मला सगळ्यात जास्त पटलं. कुराणात सांगितलंय की कर्जदार अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत मुदत द्या. मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्याकडून आजच्या इस्लामी बँका दंड घेतात पण तो धर्मादायाला द्यावा लागतो, बँकेच्या कमाईत धरता येत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेनं पण २०२३ मध्ये सांगितलंय की दंड हे कमाईचं साधन नाही, त्यावर परत व्याज लावायचं नाही. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला कागद द्यायचाच आहे. नियम चांगला आहे, पण तो कागद गिऱ्हाइकाला वाचून कोण दाखवतं?

एक गोष्ट मात्र मुसलमान भावाबहिणींना कळकळीने सांगायचीय. "हलाल" नाव लावलं की स्कीम हलाल होत नाही. बेंगळुरूच्या आयएमए नावाच्या गुंतवणूक कंपनीमध्ये हलाल गुंतवणूक म्हणून हजारो कुटुंबांनी दागिने विकून पैसे ठेवले आणि २०१९ मध्ये सगळं बुडालं. शरियतप्रमाणे भागीदारीत नफ्याची खात्री देताच येत नाही, धंद्यात तोटा झाला तर तो पैसे लावणाऱ्यानं पण सोसायचा असतो. त्यामुळे दर महिन्याला ठरलेला नफा देतो म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा की धंदा काय आहे आणि ठेवी घ्यायची परवानगी कुठे आहे.

हाच हिशोब सोलरला पण लागू होतो. सुकूक म्हणजे व्याजाऐवजी मालमत्तेच्या कमाईतला वाटा देणारा इस्लामी रोखा, आणि ग्रीन सुकूकचे पैसे पर्यावरणाच्या कामाला लागतात. मलेशियात २०१७ मध्ये जगातला पहिला ग्रीन सुकूक निघाला, पैसे साबाह मधल्या सौर प्रकल्पाला, आणि २०१८ मध्ये इंडोनेशिया सरकारनं सव्वा अब्ज डॉलरचा काढला. आपल्याकडे यंत्रमागवाल्यांचं निम्मं डोकं लाईट बिलात जातं, शेडवर पॅनल टाकायचे तर कर्जाची भीती. त्यांच्या इजारा पद्धतीत पॅनल पैसेवाल्याच्या मालकीचे राहतात, आपण भाडं देतो, मोठी दुरुस्ती मालकाची आणि आपली चूक नसताना पॅनल वापरण्याजोगे राहिले नाहीत तर भाडं पण थांबतं. असा करार करायला धर्म बदलावा लागत नाही की वेगळी बँक काढावी लागत नाही.

बँकेचा विषय निघालाच तर, २००८ मध्ये रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. ठीक आहे, त्यावर वाद घालत बसायची मला हौस नाही. पण पडलेली किंमत, नफा, एकूण रक्कम आणि वस्तू बिघडली तर जबाबदार कोण, एवढं मराठीत, आणि पूर्वभागात तेलुगूत आणि उर्दूत पण, मोठ्या अक्षरात लिहून दुकानात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. नवी पेठेतल्या, अशोक चौकातल्या दुकानदारांनी ते सुरू करावं. आणि आपल्या पेपरनं २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनाला असा एक नमुना कागद छापावा, कामगारांना कापून खिशात ठेवता येईल एवढा. मजकूर आणि आकडे मी बिनपैशात तयार करून देतो.

आपला नियमित वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर