मल्ल्या, तुझंच वाक्य माझ्या तोंडून गेलं

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय मल्ल्या,

काय शिव्या द्यायच्या त्या आधी देऊन टाक, मग पुढं वाच. सिद्धेश्वराच्या जत्रेआधी, आपल्या गड्ड्याच्या आधी लिहितो म्हणालो होतो. गड्डा होऊन गेला, ज्वारी काढणीला आली. माझी शुगर आहे तिथंच आहे, सुरेखाचा खांदा बरा आहे, पाणी चार दिवसाआड. झालं तब्येतीचं.

अनूच्या होणाऱ्या सासरची माणसं नाशिकहून दोन दिवस आली होती. मुलगा दातांचा डॉक्टर, म्हणजे आता दोघंही तेच. व्याही निवृत्त मास्तर. माणूस गोड, पण प्रश्न फार. स्टेशनाबाहेर पडतानाच म्हणाले, "सोलापुरात पाहण्यासारखं काय काय?" आणि मी म्हणालो, "काही नाही हो. चादर घ्यायची, चटणी घ्यायची अन् गाडीत बसायचं."

ओळखलंस का बे? तुझं वाक्य आहे ते! तुझ्या वडिलांची गिरणी बंद पडल्यावर तू पुण्याला निघालास, तेव्हा फलाटावर बोलला होतास. मी केवढा पेटलो होतो. १९३० साली आपल्या नगरपालिकेवर तिरंगा लागला, मार्शल लॉ आला, १२ जानेवारी १९३१ ला चौघं येरवड्यात फासावर गेले, डॉ. कोटणीस इथलेच, सगळं एका दमात तुला ऐकवलं. तू ट्रंक उचलत म्हणालास, "त्यातनं पगार किती निघतो?" महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. आता स्वतःशी किती दिवस बोलू नको ते सांग.

पुढचंही ऐक. दुपारी त्यांना गार हवेच्या हॉटेलात नेलं, पनीर मागवलं. व्याही हळूच म्हणाले, "हे नाशकात पण मिळतं हो." रात्री मग सुरेखानं सूत्रं हातात घेतली. बाजरीची कडक भाकरी, शेंगाभाजी, वर उखळात कुटलेली चटणी, बोटाला तेल सुटणारी. मास्तरांनी भाकरी पापडासारखी मोडली, अर्धी उडून सतरंजीवर. सुरेखानं ती भाजीत कशी कुस्करायची ते दाखवलं. चार भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. विहीणबाई डोळे वटारत होत्या, पण ऐकतोय कोण.

सकाळी सिद्धेश्वराला गेलो. तळ्याच्या काठावर उभं राहून मास्तरांनी विचारलं, जत्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वज किती? सात, मी म्हणालो. वजन किती? आता ते तुला माहीत, खांद्याला तू लावायचास. मी बाराबंदी घालून फोटोपुरता. तुझी लाज वाचावी म्हणून "भरपूर" एवढंच सांगितलं.

मग म्हणाले, कुडलला जाऊ. हत्तरसंग कुडल! चाळीसेक किलोमीटर, आणि मी जन्मात गेलो नव्हतो. अकरावीत तुम्ही सायकलींवर गेलात आणि मला न सांगता गेलात, ते अजून माझ्या डोक्यात आहे. भीमा-सीनेचा संगम, ३५९ मुखांची पिंड, आणि संगमेश्वराच्या देवळात तुळईवर तो शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख. आपल्या आनंद कुंभारांनी वाचलेला. 'वाछि तो विजेया होइवा', जो वाचेल तो विजयी होईल. मास्तर मान वर करून एकेक अक्षर लावत बसले. माझा चष्मा गाडीत. हस, हस.

पण मल्ल्या, झोप त्यानं उडालेली नाही. ते वाक्य मी बोललो तेव्हा अनू मागच्या सीटवर होती. दिवाळीत तिनंच फोनवर विचारलं होतं, "बाबा, आम्ही सोलापुरातच दवाखाना टाकला तर? पुण्यात गल्लीत तीन-तीन आहेत." मी वरवर "बघू" म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन वाड्यातल्या खालच्या खोल्या मोजून आलो. सुरेखालाही बोललो नाही. आता बारा दिवस झाले, लग्नाचं सगळं बोलते, हॉल, पत्रिका, शालू. दवाखान्याचा शब्द नाही. मी विचारावं तर म्हणेल, तुम्हीच म्हणालात ना, काही नाही म्हणून. आपलं पोरगं पहिलं आलं तरी पाहुण्यांपुढं "झाला कसाबसा पास" म्हणतो ना आपण, तसंच निघालं रे ते तोंडून. पण हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं असेल, बापालाच नकोय.

तुझा गुडघा कसा आहे? नातवाचं बारसं झालं का? वहिनींना नमस्कार. हां, तर एक काम कर. अनूबरोबर तुझी चटणी पाठवलीय, अर्धा किलो. आणायला स्वतः जा, पोराला धाडू नको. चहा घेता घेता सहज विचार, वाड्यातल्या खोल्यांचं काय ठरलं. मी सांगितलं म्हणू नकोस. आणि देवाशपथ, तिथं तुझं ते वाक्य काढू नकोस.

तुझा,
दिप्या

ता. क. पुढची खोली साडेबारा बाय दहा भरली. दातांची खुर्ची बसते, मी चौकशी केली.