'वाय' दाबू का?

प्रिय बंड्या,

तुझ्या अपग्रेडच्या पडद्याचा फोटो मिळाला. 'वाय (म्हणजे हो) दाबू का?' असं विचारलंयस. नको! 'काढून टाकली जाणारी पॅकेजं' (म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) याखाली ६४ नावं आहेत, त्यात तुझा लॉगिन मॅनेजरही आहे, म्हणजे लॉगिनची खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम.

डेबियन लिनक्सच्या सिडवर, म्हणजे सतत बदलत्या अस्थिर शाखेवर, गेलास ते बरं केलंस, पण ते नाव खेळणी मोडणाऱ्या एका कार्टून पोराचं आहे, हे विसरू नकोस.

२०२४ च्या मार्चमध्ये माझी फजिती झाली होती. ३२-बिट मशिनांना २०३८ नंतरच्या तारखा मोजता याव्यात म्हणून कितीतरी लायब्रऱ्यांची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची) नावं बदलत होती, मागे 'टी६४' लागत होतं. काही प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर बांधून झालेले, काही अजून रांगेत. मी 'फुल-अपग्रेड' मारलं (ते अडणारी पॅकेजं काढूनही अपग्रेड करतं), तेवढ्यात फोन वाजला आणि यादी न वाचताच 'वाय' दाबलं. रीबूटनंतर काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन. ॲप्टला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला, कशी नावं ठेवू? त्याने विचारलं होतं की!

तेव्हापासून रोज साधं 'ॲप्ट अपग्रेड'. ते काहीच काढत नाही, अडलेलं मागे ठेवतं. मागे राहिलेली यादी बघून जीव खालीवर करू नकोस, बहुतेकदा काही दिवसांत आपोआप सुटते. फुल-अपग्रेडची मात्र आधी 'सिम्युलेट' लावून रंगीत तालीम घे. 'ॲप्ट-लिस्टबग्ज' आजच टाक. पॅकेज बसण्याआधी त्यातले गंभीर बग तो समोर ठेवतो. खटकलं तर 'ॲप्ट-मार्क होल्ड' लावून ते पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखून धर. पण होल्ड सोडायची आठवण ठेव, नाहीतर तेच पॅकेज पुढे दहा जणांची वाट अडवतं. (अनुभवाचे बोल!)

चालू असलेला जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) राहू दे. आणि एक बारीक गोष्ट: 'ॲप्ट' काम झालं की डाउनलोड केलेल्या डेब (पॅकेजच्या) फाइली पुसून टाकतं, 'ॲप्ट-गेट' कॅशमध्ये ठेवतं. मागच्या आवृत्तीवर परतायचं तर त्या सोन्यासारख्या. नसल्याच, तर डेबियनच्या स्नॅपशॉट साठ्यात तारीखवार जुनी पॅकेजं असतात.

बाकी, रोज अपग्रेड केलं म्हणजे सुरक्षित, असं सिडवर नसतं. त्याच २०२४ च्या मार्चअखेरीस एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला, तेव्हा डेबियनच्या स्थिर शाखेवरचे स्टेबलवाले सुटले, आपण सापडलो.

आज 'एन' (नाही) दाब. परवा पुन्हा यादी पाठव, शेवटच्या दोन ओळींसकट. या फोटोत त्या कापल्या गेल्यात.

तुझा,
बाळ्या