डॉल्फिनच्या मागे धावू नका, दाभोळला थांबा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पौषातल्या अष्टमीच्या आसपास, एका शनिवारी, घरची पाच माणसं चिपळूणहून डॉल्फिन बघायला निघालो. धोपाव्याहून सकाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळला उतरलो आणि तसेच दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. किनाऱ्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण कमीजास्त फरकाने सगळीकडे हेच चालतं. सकाळी समुद्रात जे पाहिलं आणि दुपारी दाभोळच्या टेकडीवरून जे पाहिलं, ते दोन्ही मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

भांगेचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस असल्याने समुद्र अगदी निवांत होता. किनाऱ्यापासून फार तर दोन-अडीच किलोमीटर आत गेलो असू. बोटवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि "आता गप बसा" म्हणाले. मिनिटभराने डाव्या हाताला आवाज आला, सायकलच्या चाकातली हवा सोडल्यावर येतो तसा, "फुस्". आधी चोच वर आली, मग पाठीवरचं मांसल वशिंड, त्यावरचा छोटासा पर, आणि सगळं अंग कमानीसारखं वळून पाण्यात गेलं. तिच्या कुशीला लागून फिकट करड्या रंगाचं पिल्लू होतं. आई एकदा श्वास घ्यायची, तेवढ्यात त्याचे दोन व्हायचे. माझी नऊ वर्षांची भाची हाताने तोंड दाबून बसली होती, आवाज होऊ नये म्हणून. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ही पाच मिनिटं. मग कुणीतरी कुणाला तरी फोन केला असावा. बघता बघता आठ बोटी गोळा झाल्या. जिकडे पाठ दिसेल तिकडे सगळ्यांनी एकदम इंजिनं वाढवून धावायचं, तिने बुडी मारली की परत वळायचं, असा पाठशिवणीचा खेळ सुरू झाला. माणसं उभी राहून शिट्ट्या मारत होती. एका बोटीतून कुरव पक्ष्यांना कुरकुरीत तळलेलं काहीबाही फेकत होते. दोन बोटींच्या मधल्या पट्ट्यात आई एकीकडे वर आली आणि पिल्लू बोटीच्या पलीकडे. त्यानंतर दोघं एकत्र दिसली की नाही, मला सांगता येणार नाही. आमच्या बोटीतही "अजून जवळ घ्या हो" म्हणणारे होते.

परतताना मी दादांशी बोलले. ते म्हणाले, "ताई, मला कळत नाय असं नाय. पण मी लांब उभा ऱ्हायलो तर गिऱ्हाईक म्हणतं, पैशे घेतलेन आणि कायच दाखवलान नाय. उद्या ते शेजारच्या बोटीत बसतं." मला हे पटलं. मे संपला की बोट वर ओढायची आणि पुढचे चार महिने घर चालवायचं, अशा माणसाला एकट्याने शहाणपणाने वागायला सांगणं सोपं आहे. नियम सगळ्यांना सारखा असेल तरच त्याला ते परवडेल.

आपल्या किनाऱ्याला दिसणारा हा डॉल्फिन बहुतांशी कुबड्या डॉल्फिन असतो. मालवणकडे त्याला गादा म्हणतात. तो थंडीपुरता येणारा पाहुणा नाही, बारा महिने इथला रहिवासी आहे. खोल समुद्रात तो फारसा जात नाही; साधारण वीस-पंचवीस मीटरपर्यंतचं उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं हेच त्याचं घर. म्हणजे नेमकी तीच पट्टी, जिथे आपल्या बोटी फिरतात. त्याला पळून जायला दुसरी जागा नाही. गढूळ पाण्यात तो मासे शोधतो ते डोळ्यांनी कमी आणि आवाजाच्या पडसादाने जास्त. आई आणि पिल्लू एकमेकांना धरून राहतात तेही आवाजानेच. आठ इंजिनांच्या गोंगाटात त्यांना काय ऐकू येत असेल? जगभरात संकटात असलेल्या प्रजातींत त्याची गणना होते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकत नेणंही येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ताडोब्यात आठ जिप्सींनी वाघिणीला आणि बछड्याला असं घेरलं तर दुसऱ्या दिवशी आपल्याच वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो येईल.

सासूबाई वयामुळे बोटीत बसल्या नव्हत्या, किनाऱ्यावर माडाखाली बसून सगळं बघत होत्या. मी सांगायला लागले तशा म्हणाल्या, "गाय व्यायली की गोठ्यात जाऊन कोणी ढोल बडवतं का गो?"

त्यांच्याच आग्रहाने परतीच्या वाटेवर दाभोळला थांबलो. लहानपणी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत बसून त्या इथेच उतरत. इथून लाँचने वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत आणि पुढे चिपळूण. फेरीबोट सुरू झाल्यापासून दाभोळवरून हजारो गाड्या जातात, पण बहुतेक माणसं काच खाली न करता रांगेत उभी राहतात आणि बोट आली की निघून जातात. इतकी वर्षं आम्हीही तेच केलं, याचं आता वाईट वाटतं.

हे गाव खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सुरू होतं आणि जागा संपली म्हणून डोंगरावर चढत जातं. जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, दोन्ही बाजूंना शेवाळलेले दगडी गडगे, एकाच्या अंगणाच्या पातळीला दुसऱ्याच्या घराची कौलं. बहमनी काळात कोकणातल्या पहिल्या प्रतीच्या बंदरांत दाभोळची गणना होती. पुढे बहमनी राज्याचा वजीर झालेला महमूद गावान इराणातून आला तो इथे उतरला. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानातून परत निघाला तो इथूनच जहाजात बसून होर्मुझला गेला. अरबी घोडे या धक्क्याला उतरत. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने गाव जाळलं, ते पुन्हा उभं राहिलं आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतलं. यातली एकही ओळ फेरीबोटीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाचायला मिळत नाही. त्याला "दाभोळ" म्हटलं की एन्रॉनचा वीजप्रकल्प आठवतो, आणि तो तर खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात!

पाण्याजवळ मासाहेबांची मशीद आहे, उंच जोत्यावर घुमट आणि मिनार तोलून उभी. विजापूरची आयेशाबिबी मक्केला जायला निघाली, पुढची वाट धोक्याची म्हणून इथेच थांबली आणि यात्रेसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला, असं सांगतात. मी पायरीच्या कडेवरून हात फिरवला. साडेतीनशे वर्षांच्या पावलांनी दगड मधोमध खोलगट झाला आहे, ताकाच्या वाटीसारखा. तिथून चंडिकादेवीला गेलो. खडकातल्या गुहेत वाकून, भिंतीला हात लावत आत जायचं. विजेचा दिवा नाही. समईच्या उजेडात देवीचं रूप दिसायला थोडा वेळ लागतो, डोळे सरावावे लागतात. माणसं आपोआप हळू बोलतात.

मग सासूबाईंना एका ओळखीच्या घरी पडवीत बसवून आम्ही पाखाडीने वर टेकडीवर गेलो. चार वाजले असतील. भरती लागली होती. खाली खाडीचं रुंद पात्र, पलीकडे अंजनवेलचा डोंगर, डोक्यावर एक समुद्री गरुड पंख न हलवता फिरत होता. आणि भाचीने दुर्बिणीतून पाहून माझा हात घट्ट धरला. खाडीच्या तोंडाकडून पाच-सहा डॉल्फिन भरतीच्या पाण्याबरोबर आत येत होते. बहुधा बोय माशांच्या थव्यामागे असावेत, कारण त्यांच्यापुढे पाण्यावर चांदीच्या ठिणग्या उडत होत्या. एक होडी जाळं टाकून उभी होती. ते तिच्या शेजारून गेले, ना त्यांनी बिचकून बुडी मारली, ना होडीवाल्याने मान वळवली. पाऊण तास आम्ही बघत होतो. सकाळी पैसे मोजून जेवढं दिसलं त्याच्या कितीतरी पट, तेही फुकट आणि कोणालाही त्रास न देता.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. महाराष्ट्र सागरी मंडळ, वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि पर्यटन विभाग यांनी बोटवाल्यांना सोबत घेऊन नियम करावेत: एका कळपाजवळ एका वेळी दोनच बोटी, अंतर राखून, इंजिन बंद, पिल्लू असेल तर तिथून मागे फिरायचं, समोरून आडवं जायचं नाही. हे नियम तिकीट फाडतात तिथेच मोठ्या मराठी अक्षरांत लावावेत, म्हणजे "जवळ घ्या" म्हणणाऱ्याला दादांना फलकाकडे बोट दाखवता येईल. त्या दिवशी मला किनाऱ्यावर असा एकही फलक दिसला नाही. हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला एकेकाळी कासवाची अंडी बाजारात जात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम केलं आणि आज तिथे शेकडो माणसं दोरीच्या मागे उभी राहून पिल्लं पाण्यात जाताना बघतात, गावातल्याच घरांत जेवतात. जाळं कापून कासव किंवा डॉल्फिन सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकारने २०१८ मध्ये २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. मच्छीमारावर विश्वास टाकून काम होतं, हे यातून दिसलेलं आहे.

आणि दाभोळच्या टेकडीवर एक साधं बसायचं ठिकाण करावं. काँक्रीटचा मनोरा नको, चार चिऱ्यांचे कट्टे पुरेत. फेरीच्या धक्क्यावर गावाचा नकाशा लावावा. दाभोळमधल्या पाच-दहा मुलामुलींना वाटाडे म्हणून तयार केलं तर पाखाड्या, मशीद, देऊळ आणि भरतीच्या वेळेला वरून डॉल्फिन असा अख्खा दिवस ती दाखवू शकतील, आणि बोटींवरचा भारही थोडा हलका होईल.

पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा पाण्यात उतरतील. भाचीने आत्तापासूनच विचारायला सुरुवात केली आहे, की त्या पिल्लाला त्याची आई सापडली का. निदान नियमांचे फलक तरी त्याआधी लागावेत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, चिपळूण