नक्कल असेल तर नक्कल म्हण

सातारा,
सोमवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या इतिहास परिषदेत दुष्काळात विकलेल्या पाटीलकीच्या कागदावरचा तुझा निबंध घेतल्याचं कळल्यापासून आई येईल-जाईल त्याला सांगते आहे. मलाही फार आनंद झाला. तू फोनवर विचारलं होतंस, परिषदेत नेमकं काय होतं, लोक काय विचारतात. योगायोगाने या शनिवार-रविवारी इथल्या एका महाविद्यालयात मध्ययुगीन इतिहासावर विभागीय परिषद भरली. श्रोता म्हणून नाव नोंदवलं आणि दोन्ही दिवस पहिल्या रांगेत बसलो. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून पाठवतो, कारण फोनवर तू घाईत असतेस आणि हे घाईत सांगण्यासारखं नाही.

उद्घाटनाचं विशेष काही नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं, त्यात बराच वेळ गेला. बीजभाषण मात्र चांगलं झालं. वक्त्या बाईंनी विचारलं, आपल्या भागापुरतं मध्ययुग कुठून धरायचं? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तिथून, १३१८ च्या सुमारास यादवांचं राज्य संपलं तिथून, की १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली तिथून? मग म्हणाल्या, ही सगळी तख्तांची सालं झाली. कृष्णाकाठच्या एखाद्या गावात पाटील तोच राहिला, कुलकर्णी तोच राहिला, बलुतं तसंच चालू राहिलं. गावाचं साल कोणतं, हे गावच्या कागदाला विचारावं लागेल. मला लगेच तुझा विषय आठवला. तू नेमकं तेच करते आहेस.

आता दोन निबंधांबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्या दोघांत तुला हवं ते सगळं आहे.

पहिला साताऱ्याच्या वेढ्यावर होता. वाचणारा मुलगा तुझ्याच वयाचा, आवाज खणखणीत, आणि खिडकीतून समोर तोच किल्ला, अजिंक्यतारा, दिसत होता, त्यामुळे सभागृह पहिल्या वाक्यापासून त्याच्या बाजूने. आपण करंज्यात राहतो, म्हणून मीही कान टवकारून बसलो. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाचे तंबू याच करंज्यात पडले होते, त्याचा मुलगा आझमशहा याचा तळ शहापूरकडे होता. गड प्रयागजी प्रभू लढवत होते. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तरी साताऱ्याचा गड भांडत राहिला. १३ एप्रिलला मोगलांनी मंगळाई बुरुजाच्या बाजूला सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात गडावरची माणसं गेली, खुद्द प्रयागजी मातीखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उडाला तेव्हा तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि चढून जायला तयार उभी असलेली मोगलांचीच माणसं त्याखाली सापडली. पुढे आठवडाभरात, २१ एप्रिलला, गड त्यांच्या ताब्यात गेला आणि त्याला आझमतारा नाव दिलं गेलं.

एवढं सगळं त्या मुलाने उत्तम सांगितलं. मग म्हणाला, त्या दिवशी दहा हजार मोगल ठार झाले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर सत्राध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "हा आकडा कुठला?" तो म्हणाला, "परंपरेने सांगतात." त्यावर अध्यक्ष जे बोलले ते मी तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं. "मोगलांच्या बाजूने आलेल्या हकिकतींत सुमारे दोन हजार माणसं मेल्याचं येतं. साकी मुस्तैदखानाने मआसिर-इ-आलमगिरी, म्हणजे औरंगजेबाच्या कारकिर्दीचा फारसी इतिहास, १७१० मध्ये पुरी केली ती दरबारी कागद समोर ठेवून. ज्यांची माणसं मेली त्यांनीच कबूल केलेला आकडा तुमच्या हातात असताना तो पाचपट करून तुम्ही त्याची किंमत कमी का करता?"

मुलगा गप्प झाला. मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्याची मेहनत खरी होती. पण प्रश्न योग्य होता, मनू. गडावरच्या लोकांनी चार महिन्यांहून अधिक काळ बादशहाला पायथ्याशी बसवून ठेवलं, यात आपण घालावं असं काही उरलेलंच नाही. वाढवलेल्या एका आकड्यापायी ऐकणाऱ्याला बाकीच्या खऱ्या गोष्टींचाही संशय येतो.

दुसरा निबंध दुपारी जेवणानंतर, म्हणजे अगदी वाईट वेळेला होता. माण तालुक्यातली एक मुलगी वीरगळांवर, म्हणजे लढताना पडलेल्यांच्या स्मरणशिळांवर, बोलली. तिच्याकडे कुठलीही मोठी लढाई नव्हती. पिंपळाखाली, मारुतीच्या देवळामागे, कुठे गटाराच्या कडेला पडलेले दगड तिने शोधले होते, टेपने मोजले होते आणि फोनवर फोटो काढले होते. कोरीव काम ठळक दिसावं म्हणून लोक खडू नाही तर पीठ चोळतात, तसं तिने केलं नव्हतं. सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा जाऊन फोटो घेतले होते, त्यामुळे पुसट रेषाही स्पष्ट दिसत होत्या. खालच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर, काही दगडांवर त्याच्या शेजारी गुरं, म्हणजे गाई वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना मेलेला. मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य.

एका दगडाबद्दल ती म्हणाली, "यावर अक्षर नाही, म्हणून हा कोण ते मला सांगता येत नाही. शतक मी कोरण्याच्या धाटणीवरून धरलं आहे, तो माझा अंदाज आहे. गावात याची एक गोष्ट सांगतात, ती मी वेगळी लिहून घेतली आहे, गोष्ट म्हणूनच." बस, एवढंच. पण दुपारी पेंगणारं सभागृह त्यानंतर जागं झालं. सगळ्यात जास्त प्रश्न तिला आले आणि दोन प्राध्यापकांनी तिच्याकडून गावांची नावं मागून घेतली. आपला पुरावा कुठे संपतो ते तिने स्वतःच दाखवून दिलं होतं, म्हणून बाकीच्यांना तिथून पुढे जाता आलं.

आता तुझ्या निबंधाकडे येतो. तू पाठवलेला मसुदा आणि त्या मजहराचे, म्हणजे गावसभेपुढे झालेल्या त्या जुन्या दस्ताचे, फोटो मी काल पुन्हा भिंगाखाली पाहिले. भूमी अभिलेख खात्यात आयुष्यभर मोडी वाचली, त्या हक्काने लिहितो आहे.

आधी तारीख. कागदावर "सन इसन्ने सलासीन अलफ" आहे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर कालगणनेचं १०३२ साल. तू त्यात ६०० मिळवून १६३२ लिहिलं आहेस. शुहूर सन मृगात सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुझ्या कागदावर "छ ७ जमादिलावल" आहे, म्हणजे जमादिलावल या मुसलमानी महिन्याची सातवी तारीख, आणि तो महिना त्या वर्षी नोव्हेंबरअखेर लागला होता. म्हणजे कागद १६३१ च्या डिसेंबरच्या तोंडावरचा. एका वर्षाचा फरक इथे फार मोलाचा आहे. १६३० चा पाऊस गेला आणि दुष्काळ १६३२ पर्यंत चालला. तुझा पाटील पाटीलकी विकतो ती दुष्काळ ओसरताना नाही, ऐन दुष्काळात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा अस्सल कागद नाही, नक्कल आहे. अक्षराचं वळण सरळ सरळ पेशवाईतलं आहे. अस्सल मजहरावर गोताच्या, म्हणजे सभेला बसलेल्या गावकऱ्यांच्या, निशाण्या काढलेल्या असतात, पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. तुझ्या कागदावर नुसतं "निशाणी नांगर" असं अक्षरात लिहिलं आहे, आणि जिथे मोहोर हवी तिथे रिकाम्या गोलात "शिक्का" एवढाच शब्द. पुढे कधीतरी त्या घराचा वतनावरून तंटा झाला असणार आणि पुरावा म्हणून ही नक्कल पुढे केली गेली असणार. वतनाच्या भांडणात दोन्हीकडून कागद येत, आणि त्यांतले काही बनावटही असत, हे तुला मी सांगायला नको.

तुझ्या मसुद्यात नक्कल हा शब्द कुठेच नाही. तो पहिल्याच परिच्छेदात घाल. त्याने तुझा विषय पडत नाही, उलट मोठा होतो. अस्सल सापडलं नाही तरी एक गोष्ट पक्की राहते, की त्या घराने शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही आपला हक्क दुष्काळातल्या विक्रीवर उभा केला. एवढी वर्षं एखाद्या गावाला दुष्काळ कागदावर आठवत राहतो, यावरच तुला बोलता येईल.

आणि त्या दुष्काळातून गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाचं वर्णन तू जे घेतलं आहेस ते काढून टाक, किंवा निदान वेगळं ठेव. तो सुरतेहून बऱ्हाणपूरच्या वाटेने आग्र्याला गेला. त्याने रस्त्यात पाहिलेली प्रेतं गुजरात-खानदेशातली आहेत, वाई परगण्यातली नाहीत. तुकोबांच्या घरावर जे ओढवलं ते देहूचं. आपल्याकडे काय झालं हे आपल्याकडचा कागद जेवढं सांगेल तेवढंच म्हण. तो थोडं सांगतो, हे मला कळतं. "पोटास नाही, कुटुंब मरो लागले" एवढी एकच ओळ आहे त्यात. ती ओळ मोडीतून जशीच्या तशी वाचून दाखव आणि क्षणभर थांब. तिच्यावर आणखी काही चढवू नकोस.

एका गोष्टीने मन खट्टू झालं, तेही सांगतो. बढतीसाठी गुण लागतात म्हणून केवळ निबंध वाचायला आलेले बरेच जण होते. वाचलं, प्रमाणपत्र घेतलं आणि दुसऱ्याचा निबंध न ऐकताच निघून गेले. रविवारी शेवटच्या सत्रात वाचणाऱ्यांसमोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. वेळ संपला म्हणून प्रश्नही कापले गेले. माझ्या मते सगळी परिषद त्या प्रश्नांसाठीच असते, निबंध तर छापूनही वाचता येतो. तू दोन्ही दिवस शेवटपर्यंत बस. शेवटच्या सत्रात वाचणाऱ्याला एक तरी प्रश्न विचार, त्याला बरं वाटेल.

वेळ दहा मिनिटांचा असतो आणि आठव्या मिनिटाला घंटा वाजते. तुझा मसुदा मी मोठ्याने वाचून पाहिला, बराच लांबतो. वाईच्या कागदांतून इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो परिच्छेद मला आवडतो, पण ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो गाळ आणि तो वेळ मजहराला दे.

सांगलीला आहेसच तर सोमवारी सकाळी मिरजेला जाऊन ये. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी शाळेत संस्कृत शिकवता शिकवता पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले कागद निवडून ऐतिहासिक लेखसंग्रह छापला तो तिथेच. तुझ्यासारख्या मुलीने ते गाव पाहायला हवं. दर्ग्याच्या परिसरात सतारीची दुकानं आहेत, तीही पाहा.

नवा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव. मजहराचं वाचन मी ओळीओळीने ताडून देतो. तिसऱ्या ओळीतलं ते नाव मला "विठोजी" वाटतं, तू "विसोजी" वाचलं आहेस. त्या ओळीचा आणखी एक फोटो लागेल, कोरेगावला ज्यांच्याकडे तो कागद आहे त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन काढून आणतो. आई लाडू पाठवते आहे, ते खोलीतल्या मैत्रिणींनाही दे.

तुझे,
बाबा