जिभेला शिव्या घालून वजन उतरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला वजन कमी करण्यावरचा लेख वाचला. सगळा लेख एकाच गोष्टीवर, जिभेवर ताबा ठेवा, मन घट्ट करा. माझं गुहागर तालुक्यात किराणा दुकान आहे, कोण काय खातं ते डॉक्टरच्या आधी मला कळतं, म्हणून चार ओळी लिहितोय.

पूर्वी आमच्याकडे सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज असायची, सोबत मेतकूट नाहीतर लोणचं. गरम पेज भुरकायलाच वेळ लागतो, वाडगा संपेपर्यंत पोट भरल्याचं कळतं आणि माणूस आपोआप उठतो. आता पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा दुकानाच्या दारात लटकतात, पोरगं पुडी फाडतं आणि मी सुट्टे पैसे मोजून देईपर्यंत दुसरी मागतं. चावायला काही नाहीच त्यात, जिभेवर ठेवलं की विरघळतं. मोठ्यांचंही तेच, चहासोबत खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं, पुडा कधी संपला ते कळतच नाही. आता यात निग्रह कुठे आला?

हे नुसतं दुकानदाराचं निरीक्षण नाही हो. अमेरिकेत केव्हिन हॉल नावाच्या संशोधकाने 20 जणांना सरकारी संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे फॅक्टरीतलं पॅकेटबंद खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं, 2019 साली ते छापून आलं. समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, मीठ, फायबर सगळं सारखंच, खा हवं तेवढं. तरी पॅकेटवाल्या खाण्यावर तीच माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि भराभर खाऊन गेली, वजन जवळजवळ किलोभर वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. मन तर तेच होतं ना त्यांचं?

दुसरं म्हणजे उतरलेलं वजन परत का चढतं, यावर तुमच्या लेखात एक अक्षर नाही. आमच्या वाडीतल्या एका वहिनींनी रात्रीचा भात सोडला, पहाटे रस्त्याने चालायला लागल्या, चांगल्या बारीक झाल्या. गणपती झाले, दिवाळी झाली आणि वजन हळूहळू होतं तिथे आलं. डॉक्टर काय म्हणाले, तर तुम्ही चोरून खात असणार. बिचाऱ्या दुकानात बसून रडल्या. आता ऑस्ट्रेलियातला 2011 चा अभ्यास बघा, कडक डाएट करून वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वर्षभरानंतरही चढलेलंच होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन कमीच. वर शरीर बारीक झालं की पूर्वीपेक्षा कमीत भागवायला लागतं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी, आणि माणूस म्हणतो माझंच मन कच्चं.

कष्ट कमी झाले हे तर आहेच. नांगराच्या जागी टिलर आला, डोक्यावर भारा घेऊन बाजारात येणारी बाई आता रिक्षाने येते, आणि यावी की, तिने काय जन्मभर भारे वाहायचे? पण मुलं रात्री बारापर्यंत मोबाईल बघतात आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हे कोणी घरात बोलत नाही. सगळं खापर भातावर. आंब्याफणसावर पण फोडतात, ते तर दोन महिन्यांचे पाहुणे!

तुम्ही म्हणाल, मग तू पुड्या विकतोस कशाला. नाही विकल्या तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, साधा हिशोब आहे. माझी मागणी वेगळी आहे. चिलीमध्ये 2016 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असली की पुड्यावर पुढेच काळा अष्टकोनी शिक्का मारावा लागतो, अक्षरं वाचता न येणाऱ्यालाही दिसतो. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे खाण्याच्या मालाचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मध्ये पुड्यांना पौष्टिकतेप्रमाणे स्टार द्यायचा मसुदा काढला होता, म्हणजे चिवड्याच्या पुडीलासुद्धा एखाद-दोन स्टार मिळायचे, आणि पोराला स्टार म्हणजे शाबासकी वाटते. तुमच्या पेपरने यावर लिहावं. आणि त्याच पुरवणीत शेवटच्या पानावर महिन्यात दहा किलो कमी करणाऱ्या पावडरीची जाहिरात होती, ती घेताना जरा बघत जा.

आपला,
एक किराणा दुकानदार, ता. गुहागर