एक चौकोन, एक गुंठा: नकाशा शिकवणाऱ्या ताईंना पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

सॅटेलाइटचा रंगीत नकाशा मोबाइलवर आधीही दिसायचा, पण तो वाचायचा कसा, हे जालन्याच्या मोसंबीवाल्यांना तुम्ही शिकवलंत. सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा; एकरात 40 चौकोन. एवढं कळल्यावर नकाशा परका राहिला नाही. 6 बाय 6 मीटरवरच्या मोसंबीत एका चौकोनात दोन-तीन झाडं बसतात, म्हणून एकटंदुकटं झाड पिवळं पडलं तर नकाशात दिसेलच असं नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत.

हद्दीचंही तसंच. मोबाइलचं लोकेशन मोकळ्या रानातही तीन-पाच मीटर सरकतं, झाडाखाली आणखी. म्हणून कोपऱ्यावर मिनिटभर थांबून खूण करायची आणि रेघ बांधापासून 10 मीटर आत ओढायची. नाहीतर बांधावरची बाभळ आणि शेजारचा ऊस आपल्याच बागेचा हिरवेपणा म्हणून मोजला जातो.

सगळ्यात मोठे उपकार तणाबद्दलचे. पावसाळ्यानंतर ओळींमधल्या गवतानं एनडीव्हीआयचा, म्हणजे नकाशातल्या हिरवेपणाचा, आकडा फुगतो आणि वाळत चाललेली बागही हिरवीगार दिसते. नकाशा खुरपणीनंतरचाच धरायचा. आंबे बहार धरायला बागेचं पाणी तोडतात, त्या ताणात आकडा सगळीकडेच उतरतो. तेव्हा त्याच दिवशी बागेचा उरलेला भाग कसा आहे, ते बघायचं.

नकाशात फिकट डाग दिसला की आधी ड्रिपरखाली डबा. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरनं 15 मिनिटांत एक लिटर भरायलाच हवा. कमी भरला तर फिल्टर साफ करायचा, लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीचं, टोक सोडून ती धुवायची. डबा बरोबर भरला तर खड्डा घ्यायचा आणि एक, दोन, तीन फुटांवरची माती वेगवेगळी बघायची. चुनखडी लागली तर मुळांना लोह नीट मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खोडातून डिंक येत असेल तर डिंक्या रोग. यातलं काहीच न बघता खताची पोती आणणं तुम्ही थांबवलंत.

मल्चिंगवरच्या, म्हणजे वाफ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या, टोमॅटोत रोपं लहान असताना नकाशा उघडायचाच नाही, तिथं कागद आणि माती जास्त दिसते.

जुलै-ऑगस्टात ढगांनी चित्र झाकलं की तेच चौकोन पायी फिरून वहीत भरायचे. तुम्ही आखून दिलेली ती वही एका बागेतून दुसऱ्या बागेत फिरते आहे. तुमचे मनापासून आभार.

आपले,
जालन्याचे मोसंबी व भाजीपाला उत्पादक